‘विथ’ दिसला की आधी तो कुणाला लागलाय ते बघा

प्रश्न असा आहे : शाळेत ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ असं पाठ केलं होतं. आता ऑफिसात रोज इंग्रजी मेल आणि कागदपत्रं वाचावी लागतात, तर हा शब्द दर वेळी वेगळाच निघतो. ‘शिव्हरिंग विथ कोल्ड’मध्ये थंडी सोबत कशी काय? ‘फाइट विथ’ म्हणजे सोबत लढणं की विरुद्ध? शब्दकोश उघडला तर अर्थांची रांगच लागलेली. ती सगळी पाठ करायची का?

नाही, पाठ करू नका. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आणि जोडीला भाषांतरं करतो, त्यात कोर्टाची आणि दवाखान्याची कागदपत्रं जास्त. अर्थांची यादी पाठ करून ‘विथ’ आलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. यादी डोक्यात राहिली तरी समोरच्या वाक्यात त्यातला कुठला अर्थ लावायचा हे यादी सांगत नाही. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या. ‘विथ’ दिसला की ‘याचा अर्थ काय’ हे लगेच विचारू नका. ‘हा वाक्यात कुणाला लागलाय’ हे आधी विचारा. तो एखाद्या नामाला लागलेला असतो, नाही तर क्रियापदाला, नाही तर सबंध वाक्याला. एवढं ठरलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

हे उदाहरण बघा. ‘ही वॉक्स विथ अ स्टिक’, ‘ही वॉक्स विथ अ लिम्प’, ‘ही वॉक्स विथ हिज डॉग’, ‘ही वॉक्स विथ हिज हेड हाय’. इंग्रजीत चारही वाक्यांचा सांगाडा तोच आहे. मराठीत मात्र तो काठी टेकत चालतो, लंगडत चालतो, कुत्र्याला घेऊन फिरतो आणि ताठ मानेने चालतो. कुत्र्याचं वाक्य सोडलं तर एकाही ठिकाणी ‘सोबत’ बसत नाही. ‘काठीसोबत चालतो’ म्हटलं तर काठी स्वतःच्या पायांनी शेजारून निघाली असं वाटेल. मराठीने इथे तीनदा क्रियापदाचा आधार घेतला : टेकणं, लंगडणं, घेणं. इंग्रजी माणूस ते क्रियापद बोलत नाही, ‘विथ’च्या पोटात ठेवून देतो. ते बाहेर काढणं हे आपलं काम.

आता लागण्याची जागा. भाषाशास्त्राच्या आणि यंत्रभाषांतराच्या वर्गात हटकून येणारं वाक्य आहे : ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’. ‘विथ’ क्रियापदाला लावलात तर मी दुर्बिणीतून त्या माणसाला पाहिलं. नामाला लावलात तर हातात दुर्बीण असलेल्या माणसाला पाहिलं. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात घेऊन निवांत बसतं. मराठीत तसं बसता येत नाही, आपल्याला ठरवावंच लागतं, कारण आपले प्रत्यय लागतात ते थेट त्या त्या शब्दाला.

नामाला लागलेला ‘विथ’ सगळ्यात सोपा, म्हणून तो चटकन उरकतो. ‘अ गर्ल विथ लाँग हेअर’ म्हणजे लांब केसांची मुलगी. ‘अ फ्लॅट विथ अ बाल्कनी’ म्हणजे गॅलरी असलेला फ्लॅट, किंवा जाहिरातीच्या भाषेत गॅलरीसह. ‘द मॅन विथ द बॅग’ म्हणजे तो बॅगवाला. चा-ची-चे, असलेला, वाला, यातलं जे तोंडात बसेल ते घ्या.

क्रियापदाला लागलेल्या ‘विथ’मध्ये खरा गुंता आहे, आणि त्यातला मोठा भाग ‘बाय’ आणि ‘विथ’ यांच्या सरमिसळीतून येतो. आपल्याकडे ‘ने’ हा एकच प्रत्यय दोन कामं करतो. ‘रामाने रावणाला बाणाने मारलं’ यात दोन ‘ने’ आहेत. पहिला करणाऱ्याचा, दुसरा साधनाचा. कुठला कोणता, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इंग्रजी कर्मणी वाक्यात मात्र दोघांना वेगवेगळे शब्द लागतात : ‘बाय राम’, ‘विथ ॲन ॲरो’. यातून एक बारीक पण फार कामाचा फरक निघतो. ‘ही वॉज किल्ड विथ अ स्टोन’ म्हटलं की कुणीतरी हातात दगड घेऊन मारलंय. ‘ही वॉज किल्ड बाय अ स्टोन’ म्हटलं तर दरड कोसळून दगड अंगावर आला असंही असू शकतं, मारणारा कुणी असायलाच हवा असं नाही. मराठी जबानीत ‘तो दगडाने मेला’ एवढंच असेल आणि ते इंग्रजीत न्यायचं असेल, तर इथे थांबावंच लागतं. ‘विथ’ लिहिलात तर एका माणसावर संशयाचं बोट ठेवलंत.

साधन असलं तरी सगळीकडे ‘विथ’ चालत नाही, हेही लक्षात ठेवा. हातात धरून वापरायची वस्तू असेल तर ‘विथ’ : ‘विथ अ नाइफ’, ‘विथ अ पेन’. जाण्यायेण्याचं किंवा पोचवण्याचं माध्यम असेल तर ‘बाय’ : ‘बाय बस’, ‘बाय पोस्ट’, ‘बाय चेक’. आणि ज्या द्रव्यात किंवा ज्या रूपात गोष्ट उतरते तिथे ‘इन’ : ‘इन इंक’, ‘इन पेन्सिल’, ‘इन कॅश’. आपण बसने येतो, चेकने पैसे देतो, शाईने लिहितो. एका ‘ने’ला इंग्रजीत तीन दारं आहेत.

तुमच्या थंडीच्या वाक्याकडे येतो, कारण ते मला फार आवडतं. ‘शिव्हरिंग विथ कोल्ड’, ‘रेड विथ अँगर’, ‘वेप्ट विथ जॉय’. थंडीने कुडकुडत, रागाने लाल, आनंदाने रडली. इथे ‘विथ’ कारण सांगतो, पण वाटेल ते कारण नाही. कारण आतलं असतं, परिणाम अंगावर दिसतो, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. थंडी आहे तोवर कुडकुडणं, राग आहे तोवर लाली. म्हणजे मुळात ही सोबतच आहे, फक्त भावनेची आणि शरीराची. म्हणूनच ‘भुकेने मेला’चं ‘डाइड विथ हंगर’ होत नाही, तिथे ‘डाइड ऑफ हंगर’ लागतं. कारण संपून शेवट झाला की ‘विथ’ची सोबत तुटते. मराठीत ‘भुकेने कासावीस’ आणि ‘भुकेने मेला’ दोन्हीकडे ‘ने’ असल्यामुळे आपल्याला हा फरक जाणवत नाही, आणि चूक होते ती नेमकी इथेच.

हा फरक किती वजनाचा आहे ते कोविडच्या काळात जगाने पाहिलं. इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2020पासून रोजच्या आकड्यात चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर 28 दिवसांत झालेले मृत्यू धरायचं ठरलं. मग वाद सुरू राहिला की हे ‘डाइड ऑफ कोविड’ की ‘डाइड विथ कोविड’. पहिल्याचा अर्थ कोविडमुळे गेले. दुसऱ्याचा अर्थ गेले तेव्हा अंगात कोविड होता, गेले कशाने ते वेगळं बघावं लागेल. सगळा वाद एका अव्ययाभोवती होता. त्याचं मराठी करताना दोन्हीकडे ‘कोविडने मृत्यू’ लिहिलं, तर वाचकाला भांडण कशाचं चाललंय तेच कळणार नाही.

दवाखान्याच्या कागदावर हा ‘विथ’ रोज भेटतो. घरातल्या कुणाचंही डिस्चार्ज कार्ड काढून बघा. ‘ॲडमिटेड विथ चेस्ट पेन’ लिहिलेलं असतं. म्हणजे छातीत दुखत असल्याच्या तक्रारीवरून दाखल केलं; दुखणं कशामुळे, ते अजून ठरलेलं नाही. त्याच कार्डावर पुढे ‘डायबेटिस विथ हायपरटेन्शन’ असतं. इथे ‘विथ’ म्हणजे साधा ‘आणि’. पेशंटला मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. ‘मधुमेहामुळे रक्तदाब’ असं भाषांतर विम्याच्या कागदांसाठी कुणी केलं, तर डॉक्टरांनी न काढलेला निष्कर्ष भाषांतरकाराने काढला. गोळ्यांच्या पाकिटावरचं ‘टेक विथ फूड’ही असंच फसवतं. घासाबरोबर गोळी चावायची नसते. पोट रिकामं असताना घेऊ नका, जेवता जेवता किंवा जेवण होताच घ्या, असं सांगायचं असतं.

आता ‘फाइट विथ’. तुम्ही विचारलंत सोबत की विरुद्ध. दोन्ही, आणि त्याला कारण आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थच ‘समोर’, ‘विरुद्ध’ असा होता. ‘सोबत’ या अर्थाला तेव्हा ‘मिड’ हा वेगळा शब्द होता, जर्मन भाषेत तो आजही ‘मिट’ म्हणून नांदतोय. मधल्या शतकांत इंग्रजीतला ‘मिड’ मागे पडला आणि त्याचं काम ‘विथ’ने उचललं. ‘मिड’ची खूण ‘मिडवाइफ’ या शब्दात उरली आहे : बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. आणि ‘विथ’चा मूळ विरोध ‘विथस्टँड’मध्ये उरला आहे, म्हणजे समोर उभं राहून टिकाव धरणं.

म्हणून ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश’ हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही अर्थांनी खरं ठरतं. 1790 ते 1792च्या म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात मराठे आणि निजाम कंपनीच्या बाजूने टिपूविरुद्ध लढले. 1803मध्ये आणि पुन्हा 1817-18मध्ये मराठे त्याच कंपनीविरुद्ध लढले. वाक्यावरून साल कळत नाही आणि सालाशिवाय अर्थ कळत नाही. विरोध ठसवायचा असेल तर जाणकार इंग्रजीत ‘अगेन्स्ट’ लिहितात आणि साथ सांगायची असेल तर ‘अलाँगसाइड’. तुम्हीही तेच करा.

मराठीत इथे ‘शी’ आहे. व्याकरणाच्या तक्त्यात ‘ने, ए, शी’ असं एका ओळीत घोकलेला हा तृतीयेचा प्रत्यय. ‘शी’ आणि ‘विथ’ स्वभावाने सख्खे आहेत. मित्राशी गप्पा, शत्रूशी लढाई, शेजाऱ्याशी भांडण, व्यापाऱ्याशी व्यवहार. दोन बाजू समोरासमोर आल्या की ‘शी’ लागतो. त्या मायेने आल्या की वैराने, हे तो विचारत नाही. तोडायलाही तोच लागतो : ‘पक्षाशी संबंध तोडले’ म्हणजे ‘ब्रोक विथ द पार्टी’. मात्र ‘इंग्रजांशी लढले’ म्हटलं की अर्थ एकच, विरुद्ध. साथ सांगायला ‘इंग्रजांच्या बाजूने’ म्हणावं लागतं. इथे मराठी जास्त नेटकी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बरोबर’ मात्र मराठीतही दुटप्पी आहे. ‘तो माझ्याबरोबर भांडला’ हे आपण सर्रास म्हणतो, म्हणून लेखी कामात तिथे मी ‘शी’च वापरायला सांगतो.

पण ‘शी’ दिसला की ‘विथ’ असं समीकरण मांडून बसलात तर फसाल. आपल्याकडच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका इथूनच निघतात. ‘तिचं डॉक्टरशी लग्न झालं’ याचं ‘शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर’ होत नाही, ‘मॅरिड टू’ होतं. आणि ‘ही मॅरिड हर’मध्ये तर मधे काहीच लागत नाही. ‘माझ्याशी खोटं बोलला’ म्हणजे ‘लाइड टू मी’. ‘माझ्याशी उद्धट वागला’ म्हणजे ‘वॉज रूड टू मी’. ‘याच्याशी संबंधित’ म्हणजे ‘रिलेटेड टू धिस’. ढोबळ मानाने असं आहे की क्रिया दोन्ही बाजूंनी चालत असेल तर ‘विथ’, आणि एकाकडून निघून दुसऱ्यावर जाऊन पोचत असेल तर ‘टू’. भांडायला दोघं लागतात, खोटं एकटा बोलू शकतो. लग्न हा याला मोठा अपवाद. लग्नाला दोघं लागत असूनही ‘टू’च. तो तेवढा लक्षात ठेवा.

उलट दिशेच्या चुकाही आहेत, जिथे मराठीत ‘शी’ नसतो पण इंग्रजीत ‘विथ’ हवाच. आपण माणसावर रागावतो, म्हणून मुलं ‘अँग्री ऑन मी’ लिहितात. हवं ‘अँग्री विथ मी’. आपण कामात गुंतलेले असतो, इंग्रज ‘बिझी विथ वर्क’ असतो. आपण पूरग्रस्तांना अन्न पुरवतो, इंग्रजीत ‘प्रोव्हाइडेड देम विथ फूड’. इथे जे दिलं ते साधन धरलं जातं आणि ज्याला दिलं तो कर्म होतो. आणि ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका, ‘कोप विथ’ एवढंच बरोबर आहे.

हाच साधनाचा ‘विथ’ कायद्याच्या भाषेत ठाण मांडून बसलाय. 1860च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या 379व्या कलमात तो तीनदा येतो : तीन वर्षांपर्यंतचा कारावास, ‘ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ’. कायदा ज्याने शिक्षा करतो ते साधन म्हणजे कारावास आणि दंड. मराठीत ‘कारावासाने शिक्षा’ असं म्हणत नाहीत. ‘कारावासाची किंवा द्रव्यदंडाची किंवा या दोन्ही शिक्षा होतील’ असं म्हणतात. ‘विथ’चा ‘ची’ होतो. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, हा ‘विथ’ मात्र जागचा हलला नाही. आणि ‘रीड विथ’चं काय होतं ते दंड संहितेच्या काळातल्या फिर्यादींत दिसतं : ‘कलम 302 सह 34’. दोन्ही कलमं एकत्र वाचायची, एवढा सगळा अर्थ त्या ‘सह’मध्ये मावला आहे. कुणा कारकुनाच्या हातून पहिल्यांदा तो उतरला असेल, त्याने फार चांगलं काम केलं.

राहिला सबंध वाक्याला लागणारा ‘विथ’, आणि भाषांतरात सगळ्यात जास्त मार इथेच बसतो. इथे ‘विथ’नंतर एक अख्खी परिस्थिती येते आणि ती उलगडायला मराठीत क्रियापद लागतंच. ‘विथ हिज फादर इल’ म्हणजे वडील आजारी असल्यामुळे. ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’ म्हणजे एवढे दोष असूनही. ‘विथ युवर माउथ फुल’ म्हणजे तोंडात घास असताना. ‘विथ द फॅन ऑन’ म्हणजे पंखा लावून. असल्यामुळे, असूनही, असताना, लावून : चार वेगळी नाती, आणि इंग्रजीने एकही नातं तोंडाने सांगितलेलं नाही. ते तुम्हाला उरलेल्या वाक्यावरून ओळखायचं असतं.

कधी कधी तर नातं नसतंच. इंग्रजी बातमीदारांना हा ‘विथ’ फार प्रिय आहे. ‘हेवी रेन लॅश्ड द सिटी, विथ सेव्हरल ट्रेन्स रनिंग लेट’. इथे अनेक जण हटकून ‘त्यामुळे’ लिहितात. पाऊस आणि उशीर यांच्या बाबतीत ते चालून जाईल. पण ‘द मीटिंग एंडेड अर्ली, विथ द चेअरमन लीव्हिंग फॉर दिल्ली’ यात बैठक अध्यक्ष गेल्यामुळे लवकर संपली, की लवकर संपली म्हणून अध्यक्ष निघाले, की दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नाही? इंग्रजीने सांगितलेलं नाही, तर आपणही सांगू नये. ‘बैठक लवकर संपली, अध्यक्ष दिल्लीला रवाना झाले’ असं मधे स्वल्पविराम देऊन लिहावं. मराठी बातम्यांत अलीकडे अशा जागी ‘सह’ घुसवलेला दिसतो. वाक्य त्याने अवघडतं आणि अर्थही लागत नाही.

तुमच्या ऑफिसच्या मेलमध्ये जे ‘विथ’ येतात ते मात्र ठरलेले आहेत, तेवढे एकदाच बघून ठेवा. ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ म्हणजे आपल्या पत्राला अनुसरून. ‘विथ रिगार्ड टू’ म्हणजे च्या बाबतीत. तिथे ‘रिगार्ड्स’ लिहू नका, तो शेवटी नमस्कारापुरता, ‘विथ बेस्ट रिगार्ड्स’मध्ये. ‘चेक विथ अकाउंट्स’ म्हणजे अकाउंट्सवाल्यांना विचारून घ्या. ‘टेक इट अप विथ द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरकडे विषय काढा. ‘लीव्ह द कीज विथ सिक्युरिटी’ म्हणजे किल्ल्या सिक्युरिटीकडे ठेवा. ‘द डिसिजन रेस्ट्स विथ हेड ऑफिस’ म्हणजे निर्णय हेड ऑफिसच्या हातात आहे. ‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा दम धरा. ‘आय ॲम विथ यू’ बोलण्याच्या ओघात आलं तर ‘समजलं, पुढे बोला’, आणि वाद चालू असताना आलं तर ‘मी तुमच्या बाजूने आहे’. ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ म्हणजे तत्काळ लागू. आणि बदलीच्या ऑर्डरवर ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असेल तर त्यापुढची तारीख नीट वाचा. सही कुठल्याही दिवशीची असो, नवी जागा त्या तारखेपासून धरली जाते. ती तारीख कधी मागची असते, कधी पुढची.